लाटेवर उभं राहून काय मिळतं

सर्फिंगच्या सिनेमांची गोष्ट लोक हवाई बेटांपासून सुरू करतात, नाहीतर कॅलिफोर्नियापासून. मला मात्र आधी विचिटा आठवतं. अमेरिकेच्या पोटात, कॅन्ससच्या गव्हाच्या सपाट मुलखात वसलेलं शहर. कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो मैल लांब. १९६०च्या दशकाच्या मध्यावर ब्रूस ब्राउन नावाचा कॅलिफोर्नियाचा एक तरुण ‘द एन्डलेस समर’ हा आपला सिनेमा घेऊन वितरकांचे उंबरे झिजवत होता. माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट ही दोन पोरं फळ्या काखेत मारून सेनेगल, घाना, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती असं उन्हाळ्याच्या मागं मागं जगभर हिंडतात, लाटा शोधतात, त्यांच्यावर उभी राहतात, पडतात, पुन्हा उभी राहतात. संपली गोष्ट. वितरकांचं म्हणणं पडलं, की समुद्रकाठी हे खपेल, आत कोरड्या मुलखात याला कुत्रं विचारणार नाही. ब्राउननं हट्टानं विचिटात सिनेमा लावला, तोही ऐन हिवाळ्यात. बाहेर बर्फ, आणि तिकिटाच्या खिडकीपुढं रांगा. दोन आठवडे गर्दी हटली नाही. पुढं न्यूयॉर्कच्या किप्स बे थिएटरात तो ४७ आठवडे चालला, १९६६ मध्ये देशभर लागला, आणि आज सर्फिंगचा सिनेमा म्हटलं की पहिलं नाव त्याचंच निघतं.

ज्यांनी लाट कधी अंगावर घेतली नव्हती, पुढंही घेण्याची शक्यता नव्हती, अशा माणसांनी तो सिनेमा मोठा केला. ही गोष्ट मला जवळची वाटते, कारण मी राजुऱ्याची.

राजुरा वर्धा नदीच्या काठचं. पलीकडं बल्लारपूर, दक्षिणेला माणिकगडचे डोंगर, डोंगरापल्याड तेलंगण. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे हे वाक्य आम्ही शाळेत घोकलं, तेव्हा तो आपल्याला लाभला आहे असं वर्गातल्या एकाही पोराला वाटलं नसेल. नकाशावर पट्टी ठेवली तर अरबी समुद्र इथून सातशे किलोमीटरच्या घरात आणि बंगालचा उपसागर साडेचारशेच्या आत. म्हणजे आमचा समुद्र पूर्वेचा. वर्धा तिकडंच जाते. चपराळ्याच्या जंगलापाशी ती वैनगंगेला भेटते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्रात समुद्र गाठते. गावाचं तोंडही फार काळ तिकडंच होतं. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, जिल्हा आदिलाबाद. १९५६ला प्रांतरचना झाली तेव्हा आम्ही नांदेडात गेलो आणि १९५९ला चांद्यात आलो. बाजारात अजून मराठी, तेलुगू, हिंदी, गोंडी, कोलामी अशा पाच भाषांत घासाघीस चालते. या पाचही भाषा बोलणाऱ्यांत समुद्र पाहिलेला माणूस शोधावा लागतो. पाहिला असेल तर तिरुपतीहून परतताना, नाहीतर मुंबईला दवाखान्याच्या कामासाठी गेल्यावर, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.

अशा गावात दोन संध्याकाळ सर्फिंगचे सिनेमे दाखवायचे हे खूळ माझं नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी चेन्नईत नोकरीला आहे. तिथून तासाभरावर कोवलम हे कोळ्यांचं गाव. मच्छीमाराच्या घरात जन्मलेल्या मूर्ती मेगवन यांनी तिथल्या पोरांना फळीवर उभं राहायला शिकवलं, आणि २०१३पासून तिथं लाटांचा उत्सव भरू लागला. आमचा हा पठ्ठ्या वर्धेच्या डोहातसुद्धा कधी उतरला नव्हता. तो शनिवार-रविवार कोवलमला फळी घेऊन पडू लागला. दिवाळीनंतर गावी आला आणि म्हणाला, मॅडम, शाळेचं सभागृह मिळवून द्या, आपण महोत्सव करू. कार्यक्रमाचं नाव मोठं, सामान थोडं: उसना प्रोजेक्टर, पांढरा पडदा, ध्वनिक्षेपकवाल्याकडचे दोन भोंगे. मी भूगोल शिकवते. लाटा, वारे, सागरी प्रवाह हे सगळं मी फळ्यावर बाण काढून कैक वर्षं शिकवत आले आहे, तेव्हा सुरुवातीला दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडं आलं.

ती दहा मिनिटं अवघड गेली. लाट येते तेव्हा पाणी येत नाही, हे सांगायचं होतं. दोन पोरांच्या हातात दोर देऊन झटका द्यायला लावला, दोरातून वळसा धावत गेला, दोर जागच्या जागी. तसंच पाण्याचं. पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढं सरकते ती नुसती ऊर्जा. आपल्या पूर्व किनाऱ्यावर ज्या लांब, शिस्तीत येणाऱ्या लाटांची सर्फर वाट पाहतो, त्यांतल्या कित्येक दक्षिण महासागरात, अंटार्क्टिकेच्या अलीकडच्या वादळांत जन्मतात आणि सहा-सात दिवस, सात-आठ हजार किलोमीटर चालून इथं पोचतात. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की लाटेचे पाय अडतात, डोकं पुढं जातं, ती उभी राहते आणि कोसळते. त्या उभं राहण्याच्या आणि कोसळण्याच्या मधल्या काही सेकंदांत फळीवरच्या माणसाचा सगळा खेळ. वादळ ज्यानं पाहिलं नाही, ज्याला त्याची बातमीही नाही, त्याच्या पायाखाली ते वादळ येऊन संपतं. पोरांना हे पटलं की नाही कोण जाणे. दोर ओढायला मात्र सगळ्यांना हवा होता.

मग अंधार झाला आणि ‘द एन्डलेस समर’ सुरू झाला. सभागृहात कॉलेजची पोरं होती, सास्तीच्या खाणीत कामाला जाणाऱ्यांची कुटुंबं होती, शेजारच्या वस्तीतल्या बाया कडेवर लेकरं घेऊन आल्या होत्या. पहिली दहा मिनिटं कुजबुज. इंग्रजी निवेदन कुणाला कळत नव्हतं, कळायची गरजही पडेना. चित्रात काय चाललंय ते दिसत होतं. हळूहळू एक गंमत होऊ लागली. कुणी लाट पकडली की सभागृह गप्प होई आणि तो पडला की हसू फुटे. पडलेला माणूसही पाण्यातून डोकं वर काढून हसत होता, हे इथल्या लोकांना विशेष वाटलं. आमच्याकडं पाण्यात पडलेला माणूस हसत वर येत नाही. वर्धेला पूर आला की बल्लारपूरचा पूल पाण्याखाली जातो, रस्ता बंद, गाव तुटतं. दर पावसाळ्यात कुठल्यातरी डोहात कुणाचं तरी पोर जातं. ‘नदीवर जाऊ नको’ हे इथल्या आयांचं पहिलं शिक्षण. पाण्याशी आमचं नातं भीतीचं आणि कामाचं: पंप, पाटसऱ्या, हंडे, धुणं. पाण्याशी नुसतं खेळणारी प्रौढ माणसं, आणि तीही दीड तास, हे दृश्य आम्ही पाहिलेलं नव्हतं.

मध्यंतरात शाळेचा रात्रपाळीचा चौकीदार माझ्याजवळ आला. मागं उभं राहून तो सगळं पाहत होता. म्हणाला, “मॅडम, हे कायले करते? येवढं करून याइले भेटते काय?”

मी म्हटलं, काही नाही भेटत.

“पैसे?”

या दोघांना तर नाही.

त्यानं मान हलवली आणि पुढच्या भागासाठी पुन्हा मागं जाऊन उभा राहिला. बसला नाही, पण गेलाही नाही.

त्याचा प्रश्न योग्य होता, आणि हे गाव लक्षात घेतलं तर जास्तच. राजुऱ्याच्या आसपास जे जे आहे त्याला उपयोग आहे आणि उपयोगाला भाव आहे. जमिनीखाली कोळसा, सास्ती, गोवरी, पवनीच्या उघड्या खाणींतून तो निघतो. चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीला सिमेंटचे कारखाने. बांबू आहे, म्हणून पलीकडं कागदाची गिरणी. साग आहे, तेंदूपानं आहेत, मोहफुलं आहेत. इथल्या प्रत्येक डोंगराकडं कुणीतरी काय निघेल याच नजरेनं पाहिलेलं आहे. आणि पडद्यावर दोन तरुण समुद्रापुढं उभे, ज्यांना त्या समुद्रातून काहीच काढायचं नाही. मासा नाही, मीठ नाही, तेल नाही. लाट येते, ते तिच्यावर उभे राहतात, लाट संपते, मागं खूणही राहत नाही. इतक्या निरुपयोगी कामासाठी इतकी मेहनत, इतकं गांभीर्य. मला वाटतं, विचिटाच्या गहूवाल्यांनी बर्फात उभं राहून तिकिटं काढली ती यासाठीच असणार. समुद्र काय, पोस्टकार्डावरही पाहता येतो.

निरुपयोगाचा हा संशय जुना आहे. हवाई बेटांवर राजापासून कोळ्यापर्यंत सगळे लाटांवर खेळत. एकोणिसाव्या शतकात तिथं मिशनरी पोचले आणि त्यांना हे सगळं आळशी, अर्धनग्न, वेळखाऊ वाटलं. आलेल्या रोगराईनं माणसंही भराभर गेली, आणि खेळ जवळजवळ बुडाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं पुन्हा मूळ धरलं. ड्यूक कहानामोकू हा हवाईचा ऑलिंपिक विजेता पोहणारा तो ऑस्ट्रेलियापर्यंत घेऊन गेला. आमच्या गडचिरोलीच्या माडिया गावांतल्या गोटुलकडं बाहेरच्या शहाण्या माणसांनी ज्या नजरेनं पाहिलं, तीच ही नजर. पोरंपोरी रात्री एकत्र जमून नाचतात, गातात, म्हणजे नक्की काहीतरी वाया चाललंय.

सर्फिंगच्या सिनेमांचा धंदा मात्र सुरुवातीला अगदी आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांसारखा चाले. बड ब्राउन नावाचा एक गृहस्थ, पेशानं शाळामास्तर आणि किनाऱ्यावरचा जीवरक्षक. त्यानं १९५३ मध्ये हवाईच्या लाटांवर चित्रित केलेला सिनेमा सांता मोनिकातल्या एका शाळेच्या सभागृहात दाखवला. तिकीट ६५ सेंट. तीच या प्रकाराची सुरुवात मानतात. मग तो आणि त्याच्यामागून आलेले लोक गाडीत प्रोजेक्टर टाकून किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडू लागले. हॉल आपणच भाड्यानं घ्यायचा, भिंतींवर पोस्टर आपणच चिकटवायची, दारात तिकिटं आपणच फाडायची आणि सिनेमा सुरू झाला की माइक धरून निवेदनही आपणच करायचं. प्रेक्षक शिट्ट्या मारत, आरडाओरडा करत, आवडती लाट पुन्हा दाखवा म्हणून गलका करत. वडसा-देसाईगंजहून निघणारी नाटक मंडळी दिवाळीनंतर गावोगाव रात्रीचे प्रयोग करत हिंडतात, गाव रात्रभर जागतं, विनोदी नटाला आणि लावणीला ‘वन्स मोअर’ मिळतो, तोच मामला. ब्रूस ब्राउन याच वाटेनं आला. ‘एन्डलेस समर’चंही निवेदन तो आधी गावोगाव स्वतः बोलून करायचा, नंतर ते पट्टीवर चढलं. हे ठाऊक असल्यावर त्या सिनेमातले मिश्कील शेरे ऐकताना एखादा वगातला सोंगाड्या बोलतोय असं वाटतं, आणि त्याचे काही शेरे चावटपणाकडं का झुकतात तेही समजतं.

चावटपणा म्हणून सोडून देता येणार नाही असंही त्यात काही आहे. आफ्रिकेच्या भागात गावकऱ्यांची थट्टा आहे. जणू त्या किनाऱ्यावरच्या माणसांनी लाट आयुष्यात प्रथमच पाहिली. वास्तविक पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची पोरं फळकुटावर पालथी पडून लाटांवरून येत, याच्या नोंदी युरोपीय प्रवाशांनीच शतकांपूर्वी करून ठेवल्या आहेत. मग येतं दक्षिण आफ्रिकेतलं केप सेंट फ्रान्सिस. वाळूच्या टेकड्या ओलांडून दोघं पलीकडं जातात आणि समोर कारागिरानं घडवल्यासारखी एकसारखी लाट. सर्फिंगच्या सिनेमातला हा सगळ्यांत गाजलेला प्रसंग. तो देखणा आहे, यात वाद नाही. पण साल १९६३च्या आसपासचं आहे. त्या देशात १९५३च्या कायद्यानं बाकं, गाड्या, दवाखाने वर्णांत वाटून टाकले होते आणि समुद्रकिनारेही वाटले जात होते. कुठल्या लाटेत कुणी उतरायचं हे पाटीवर लिहिलेलं असे. सिनेमात याबद्दल अवाक्षर नाही. त्या दोन पोरांना कुणी अडवणार नव्हतं, म्हणून त्यांना पाटी दिसली नाही.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला ती दिसायला हवी. पाण्याला कुणी हात लावायचा हा प्रश्न आपल्याकडं २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर विचारला गेला आहे. राजुऱ्यासारख्या गावात, जिथं घराघरांत बाबासाहेबांची तसबीर आहे, तिथं पाण्याच्या खेळाचा सिनेमा दाखवून त्या पाटीबद्दल गप्प राहणं मला जमणार नव्हतं. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी ‘ओटेलो बर्निंग’ ठेवला. सारा ब्लेचर यांचा हा दक्षिण आफ्रिकी चित्रपट २०११चा, झुलू भाषेतला. काळ वर्णभेदाच्या अखेरच्या वर्षांचा. डर्बनजवळच्या लॅमाँटव्हिल वस्तीतली काळी पोरं, ज्यांच्या घरात पाण्याची भीती मुरलेली आहे, फळीवर उभी राहायला शिकतात. बाहेर वस्ती पेटलेली, घरात आपापसांत मत्सर, मग फितुरी आणि त्यातून झालेला भयंकर मृत्यू. शेवटाकडं नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटल्याची बातमी येते आणि तरी आनंद करायला जागा उरत नाही. सिनेमा म्हणून तो ‘एन्डलेस समर’ इतका गुळगुळीत नाही, काही प्रसंग फार ओढलेले आहेत. पण त्या रात्री सभागृहात कुणी हसलं नाही. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती आमचा चेन्नईवाला भोंग्यावरून मराठीत सांगत होता, मधूनच वऱ्हाडीत घसरत होता. एका बाईनं निघताना मला विचारलं, त्या लहान्या पोराचं खरंच असं झालं होतं का. मी म्हटलं, कथा रचलेली आहे, पण तशी पोरं खरी होती.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न साहजिकच आला. एवढा लांब किनारा असूनही फळीवरच्या मराठी माणसाचा सिनेमा मला यादीत घालता आला नाही. त्याची कारणंही आहेत. पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात त्या पावसाळ्यात, आणि तेव्हाचा समुद्र खवळलेला, विस्कटलेला, वाऱ्यानं फाडलेला असतो. मासेमारीसुद्धा बंद असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहतो तो दर्या शांत व्हावा म्हणून. सर्फर त्याच दर्याला उलट गाऱ्हाणं घालतो: ऊठ, जरा जोरात ऊठ. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याला ही मागणी अघोरी वाटली तर नवल नाही. इशिता मालवीय ही देशातली पहिली नावाजलेली महिला सर्फर मूळची मुंबईची, पण तिला फळी सापडली ती मणिपालला शिकायला गेल्यावर, २००७ मध्ये. तिथं जवळच्या कोडी बेंगरे या मासेमारांच्या गावात तिनं आणि तिच्या जोडीदारानं क्लब काढला. तिच्यावर आणि तिच्यासोबत दक्षिण भारतात फिरणाऱ्या इतर महिला सर्फरांवर बेतलेला ‘बियाँड द सरफेस’ हा माहितीपट २०१४चा. मुलकी, कोडी बेंगरे, कोवलम, महाबलिपुरम अशी ही वाट दक्षिणेतूनच जाते. २०२५च्या ऑगस्टमध्ये महाबलिपुरमला आशियाई स्पर्धा झाली आणि रमेश बुदिहालनं तिथं कांस्यपदक मिळवलं.

सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या त्या मात्र ‘कमली’ला. साशा रेनबो यांचा हा छोटा माहितीपट २०१९चा, ब्रिटिश अकादमीच्या पुरस्कारांत त्याला नामांकन होतं. महाबलिपुरमच्या कोळीवाड्यातली एक लहान मुलगी, आणि मुलांना एकटीनं वाढवणारी तिची आई. मुलगी अनवाणी स्केटबोर्डवर उतारावरून सुसाट येते. तांत्रिकदृष्ट्या हा सर्फिंगचा सिनेमा नव्हे. एका मुलानं ती हरकत घेतलीच. मग त्याला सांगावं लागलं, की स्केटबोर्ड हे सर्फिंगचंच अपत्य. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात ज्या दिवशी लाटा नसत त्या दिवशी पोरं फळकुटाखाली रोलर स्केटची चाकं ठोकून रस्त्यावर उतरत. समुद्र नसताना करायचं सर्फिंग. हे ऐकल्यावर सभागृहात एकदम चलबिचल झाली. म्हणजे समुद्र नाही ही काही अडचण नाही?

नाहीच. मध्य प्रदेशात पन्नाजवळ जनवार नावाचं गाव आहे. भोवती वाघांचं जंगल, जमिनीखाली हिरे, गावात गोंड आणि यादव. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तिथं सिमेंटचं स्केटबोर्ड मैदान बांधलं. नियम दोनच: शाळेत गेलं नाही तर फळी नाही, आणि पहिला मान मुलींचा. त्या गावातली आशा गोंड चीनमध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोचली. जंगल, खाण, गोंड, वाघ, सिमेंट. हे वर्णन राजुरा-जिवतीचं म्हणूनही चालून जाईल. मी ‘प्रेरणा’ वगैरे शब्द टाळते, कारण आमच्या पोरांना प्रेरणा फार दिली जाते आणि मैदान कुणी देत नाही. पण त्या रात्री चार-पाच मुली माझ्याभोवती जमल्या आणि त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: ते सिमेंटचं मैदान बांधायला किती पोती लागतात? सिमेंटच्या तालुक्यात वाढलेल्या मुलींनी आणखी काय विचारावं. मला उत्तर येत नव्हतं. एकीचे वडील गवंडी आहेत, ती त्यांना विचारणार होती.

सिमेंटवरून मला वर्गात नेहमी सांगते ती गोष्ट तिथंच सांगायची होती, पण उशीर झाला होता. ती इथं सांगते. गडचांदूर, आवारपूरकडं जी चुनखडी फोडतात तिला भूवैज्ञानिक पैनगंगा समूहात घालतात. त्यातल्या एका थराचं नावच मुळी ‘चांदा चुनखडी’ आहे. शंभर कोटी वर्षांच्याही आधी इथं समुद्र होता. उथळ डबकं नव्हे, चांगला खोल समुद्र, आणि त्याच्या तळाशी थरावर थर गाळ बसत गेला. मासे अजून जन्मायचे होते, झाडं जन्मायची होती, पाहायला डोळा नव्हता. पण वारा होता आणि पाणी होतं, म्हणजे लाटा असणारच. कोळसा त्यामानानं अगदी कालचा, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या रानाचा. तेव्हा ‘आपल्याला समुद्र लाभला नाही’ हे काही खरं नाही. तो सुरुंग लावून फोडला जातो, भट्टीत भाजला जातो, पोत्यांत भरला जातो आणि वॅगनांमधून बाहेर जातो. मुंबईच्या एखाद्या समुद्राकडं तोंड केलेल्या इमारतीच्या विसाव्या मजल्यावर आमच्या समुद्राचा तळ उभा असेलही. गाव सोडताना या चुनखडीच्या गाड्यांच्याच रस्त्यानं जावं लागतं; डंपरमागून उडणारी पांढरी धूळ चष्म्यावर बसली की मी ती पुसते आणि मनात म्हणते, शंभर कोटी वर्षं. शेजारी बसलेल्या माणसाला हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, धूळ ती धूळच मॅडम, खोकला येतेच.

तेही बरोबर आहे. धुळीचं कौतुक करून फुप्फुसं साफ होत नाहीत, आणि दोन संध्याकाळ लाटा पाहून गावाचं काही बदलत नाही. काहीतरी बदलावं म्हणून आम्ही ते दाखवलंही नव्हतं. इथं दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रफितीला एक हेतू असतो: हात धुवा, मतदान करा, हुंडा घेऊ नका, वणवा लावू नका. सगळे हेतू चांगले. पण ज्यातून काहीच शिकायचं नाही असं पाहायला मिळणं हाही माणसाचा हक्क आहे. चौकीदाराला मी तसं नीट सांगू शकले नाही. त्याच्या प्रश्नाला ‘आनंद भेटते’ असं गुळचट उत्तर देणं मला शक्य होतं, पण तो खाणीच्या धुळीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, त्यानं ते ओळखलं असतं.

आता पुढच्या हिवाळ्याची यादी चालली आहे आणि त्यावरून भांडण लागलं आहे. माझं मत ‘मॉर्निंग ऑफ द अर्थ’ या १९७१च्या ऑस्ट्रेलियन सिनेमाला. अल्बर्ट फाल्झन यांनी त्यात निवेदनाचा एक शब्द ठेवलेला नाही, नुसतं पाणी, माणसं आणि गाणी; भोंग्यावरून भाषांतराची कटकट नाही. पोरांना हे मिळमिळीत वाटतं. त्यांना मोठी लाट हवी. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग पॅरिसपासून पंधरा हजारांहून जास्त किलोमीटरवर ताहितीच्या तेआहुपोला झालं, आणि लाटेतून उसळून फळीसकट हवेत ताठ उभ्या राहिलेल्या गॅब्रिएल मेदिनाचा जेरोम ब्रुइये यांनी टिपलेला फोटो अर्ध्या वर्गाच्या मोबाइलवर आहे. तेव्हापासून त्यांची नजर उंच लाटेवर. पोर्तुगालचं नाझारे दाखवा म्हणतात. गॅरेट मॅकनमारा तिथं २०११ मध्ये ७८ फुटांच्या लाटेवरून उतरला, २०२०मध्ये सेबास्टियन श्टॉइटनर ८६ फुटांच्या. सास्तीच्या एका मुलानं लगेच हिशेब केला: आपल्या खाणीच्या दोन बेंचएवढी झाली की. मला त्या सिनेमांतलं ढोल बडवणारं संगीत, वरून घिरट्या घालणारे कॅमेरे आणि दर पाच मिनिटांनी मृत्यूचा उल्लेख सोसत नाही. लाट मोठी झाली की माणसं तिच्याशी युद्ध सुरू करतात, खेळणं राहून जातं. पण माझ्या आवडीला तिथं एकच मत आहे आणि पोरं पुष्कळ आहेत.

शेवटी तडजोड झाली. नाझारेचा सिनेमा लागेल. त्याआधी फळ्यावर मी तिथल्या समुद्रतळाची दरी काढून दाखवणार, कारण ती लाट इतकी उंच होते ती पाण्याखालच्या त्या खोल दरीमुळं, आणि हे न सांगता तो सिनेमा लावणं म्हणजे नुसता तमाशा. मी पंधरा मिनिटं मागितली होती. त्यांनी पाच दिली आहेत, आणि दोर आणायचा नाही अशी अट घातली आहे.